बी ढीगभर, रोप एकही नाही: जंगली झाडांचं नेमकं अडतं कुठं?

काटोलरोड

नमस्कार मंडळी,

नागपूर जिल्ह्यात कोंढाळीच्या अलीकडे सासऱ्यांचं वावर आहे. त्याला लागून नाल्याच्या काठानं थोडी पडीक जमीन. तिथं मोहाची जुनी झाडं आहेत, साग आहे, तेंदू आहेत आणि पळस तर विचारूच नका. सागाखाली बियांचा सडा पडतो. मोहाला टोळ, म्हणजे फळं, लगडतात. पण मोहाखाली हातभर उंचीचं रोप शोधून सापडत नाही, सागाचीही तीच गत. पळस मात्र धुऱ्यावर (बांधावर) न लावता उगवतो आणि काढून निघत नाही. तेंदूचं एक झाड तर असं की दरवर्षी फुलतं आणि फळ एकही धरत नाही. सासरे म्हणतात, वांझ आहे, तोडून टाकू.

आमच्या सोसायटीतल्या काही जणींना येत्या पावसाळ्यात तिथं इथलीच झाडं लावायची आहेत. रोपवाटिकेत विचारलं तर गुलमोहर, सप्तपर्णी, फार तर कडुनिंब. म्हणून बी आपणच गोळा करावं असं चाललंय. त्याआधी एक समजून घ्यायचंय. जंगलातल्या झाडाचा वंश पुढं चालणार की नाही हे ठरतं कशावर? पाणी, माती, ऊन एवढंच, की आणखी काही? शाळेतलं परागीभवन आठवतं, पण ते जास्वंदीच्या आकृतीपुरतंच.

राजेहो

ताई, तेंदू तोडू नका बरं! सासऱ्याले सांगा, वांझ नाई, गडी आहे तो. आमच्या वावरात बी असाच एक आहे. तो तोडला अन् मंग शेजारच्याच्या झाडाचे टेंभरं कमी झाले त शिव्या कोन खाईन?

बाकी माह्या मतानं जमीन चांगली असली की झाड येतेच. लय खोलात जाऊन काय करता.

बियाणेवाला

तेंदूचं राजेहोंनी अगदी बरोबर सांगितलं. तेंदूत नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. ओळखायचं असेल तर एप्रिल-मेमध्ये फुलं बघा. नराची फुलं बारकी आणि झुपक्यानं असतात, मादीचं फूल जरा मोठं आणि बहुधा एकटंच. नर नसेल तर आसपासच्या माद्या नुसत्या फुलून जातील. बिब्बा, कुसुम यांच्यातही असा प्रकार दिसतो, त्यामुळे "फळत नाही" म्हणून झाडावर कुऱ्हाड चालवण्याआधी एक हंगाम थांबावं.

जमीन चांगली की झाड येतंच, हे मात्र पटत नाही. माझी नोकरी रोपवाटिकांत गेली, त्यामुळे सागाचं सांगतो. साग फुलतो ऐन पावसाळ्यात. शेंड्यावर पांढरट फुलांचा मोठा तुरा येतो, एकेका तुऱ्यात हजारो फुलं. पण एक फूल टिकतं फक्त एक दिवस. त्या दिवशी झड लागली, माशी फिरकली नाही, तर ते फूल गेलंच. फिरकली तरी बहुतेक वेळा ती त्याच झाडाच्या पुढच्या फुलावर जाते, कारण हजार फुलं समोर असताना ती लांब कशाला जाईल? आणि सागाला स्वतःचा पराग सहसा चालत नाही. परका लागतो, म्हणजे दुसऱ्या झाडाचा. थायलंडमध्ये या विषयावर बरंच काम झालंय. तिथं मोजलं तर नैसर्गिकरीत्या शंभर फुलांमागे एखाद-दोन फळंच धरतात, आणि दुसऱ्या झाडाचा पराग हातानं लावला की तेच प्रमाण कितीतरी पट वाढतं.

आता तुमचा बियांचा सडा. ती बी नव्हेत, फळं आहेत. वरची फुगलेली कागदी पिशवी चुरगाळून काढा, आत लोकरीसारखं साल असलेली टणक गोटी निघेल. ती हातोडीनं फोडा (बोट सांभाळून, ती सटकते). आत चार कप्पे दिसतील. चारही भरलेले फार क्वचित. एखादं-दुसरं बी असतं, आणि पुष्कळ गोट्या निव्वळ पोकळ निघतात. जी भरलेली आहेत तीही लगेच उगवत नाहीत. ताज्या बियांपेक्षा वर्षभर ठेवलेलं बी बरं उगवतं. रोपवाटिकेत आम्ही ती रात्रभर भिजवायची, दिवसा उन्हात पसरायची, असं आठ-दहा दिवस आलटून पालटून करायचो, तेव्हा कुठं तडकायची.

म्हणून सडा बघून भुलू नका. फूल, फळ, भरलेलं बी, उगवण, पहिला उन्हाळा, अशा पायऱ्या आहेत. प्रत्येक जातीचं झाड वेगळ्या पायरीवर अडतं. तुमचा साग सुरुवातीच्या पायऱ्यांवर अडलाय, मोह बहुतेक शेवटच्या.

परागकण

बियाणेवाला काका, सुरेख. मोहाबद्दल मी भर घालते, मी वनस्पतिशास्त्र शिकवते.

मार्चमध्ये मोहाच्या कळ्यांचा एखादा घोस जवळून बघा. तपकिरी लवदार कळी अजून मिटलेलीच असते आणि तिच्या टोकातून एक बारीक दोरा बाहेर आलेला दिसतो. ती कुक्षी. म्हणजे स्वतःचे परागकण तयार व्हायच्या आधीच मादीचा भाग बाहेर येऊन परक्या परागाची वाट बघतो. नंतर गोड, रसाळ पाकळ्यांची नळी उमलते आणि पहाटे गळते. जमिनीवर पडलेलं मोहफूल उचलून बघा, मधून आरपार भोक असतं. पुंकेसर त्या नळीला चिकटून खाली येतात, पण अंडाशय आणि तो दोरा मात्र वर फांदीवरच राहतो, आणि पुढं तोच फुगून टोळ होतो.

यातून एक गोष्ट निघते. मोहफुलं वेचल्यामुळे टोळ कमी होतात हा गैरसमज आहे. वेचलेलं फूल आपलं काम उरकून पडलेलं असतं. परागीभवनाचं बरंचसं काम रात्री फळं खाणारी वटवाघळं करतात, ती त्या गोड नळीसाठी येतात. पुढं टोळ पिकल्यावर तीच वटवाघळं फळ उचलून दुसऱ्या झाडावर नेतात आणि गर खाऊन बी खाली टाकतात. म्हणजे एकाच प्राण्याकडे दोन्ही कामं. वटवाघळांच्या वसाहतीखाली फटाके फोडणाऱ्यांनी हे ऐकावं.

मोहाचं अडतं ते बी जमिनीवर आल्यावर. बी तेलकट असतं, ते वाळलं की मेलं. काही आठवड्यांपलीकडे जीव धरत नाही. पाऊस वेळेवर आला नाही तर संपलं. आणि उगवलंच तर पुढच्या मार्चमध्ये फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्यात वीतभर रोप होरपळतं. दरवर्षी जाळलं तर मोठी झाडं तेवढी दिसतात, तरुण झाड दिसतच नाही.

देवलापार

हे वाचलं आणि लिहायला बसलो. नेहमी "आदिवासी आग लावतात" इथं येऊन गाडी थांबते. आमच्या घरी मोह वेचतात, मी लहानपणापासून वेचलाय. पाचोळा जाळतात हे खरं आहे, नाकारत नाही. पहाटेच्या अंधारात पानांच्या थरातून फुलं शोधणं म्हणजे काय ते एकदा करून बघा, आणि पानाखाली विंचू-साप असतो तो वेगळा. पण आता पुष्कळ जण झाडाखालची जागा झाडून काढतात, काही ठिकाणी जाळी बांधतात. जाळी बांधली की फूल स्वच्छ मिळतं, भाव बरा येतो. ज्याला जाळी परवडत नाही त्याला दोष देणं सोपं आहे.

दुसरं, मोहाचं रोप फक्त आगीनंच मरतं का? टोळ पडले की तेलासाठी आम्ही वेचतो, चितळ खातात, रानडुक्कर उकरतात. उगवलं ते ढोरं खातात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट कुणी बोलत नाही. मोहाची झाडं आता जंगलात कमी आणि धुऱ्यावर जास्त. धुऱ्यावर रोप आलं तर ट्रॅक्टरवाला ठेवेल का?

ढगाळ हवा असली की मोह नीट गळत नाही, हेही लिहून ठेवा. अवकाळी पाऊस आला की फुलं काळी पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवत असेलच, तेव्हा मोहच काय, आंब्याचा मोहरही झोडपून गेला होता.

परागकण

देवलापार, तुमचा मुद्दा मान्य. मी वेचणाऱ्यांना दोष देत नव्हते, पण लिहिलं त्याचा सूर तसा लागला असेल. जाळीचा उपाय सगळ्यात चांगला, त्यात वेचणाऱ्याचाही फायदा आणि रोपाचाही. आणि ट्रॅक्टरबद्दल पूर्ण सहमत.

शंकासुर

काही गोष्टी पटत नाहीत, म्हणून विचारतो.

१. सागाला शंभर फुलांत एक-दोन फळं, त्यातली अर्धी पोकळ, उगवण वेडीवाकडी. मग पेंचपासून मेळघाटापर्यंत सागच साग कसा?

२. झाडं इतकी फुलं फुकट का घालवतात? उत्क्रांतीत अशी उधळपट्टी टिकायला नको होती.

३. आजकाल कुठंही काही कमी झालं की हवामान बदल. इथं अजून कुणी म्हटलं नाही, पण म्हणतीलच.

बियाणेवाला

पहिल्याचं उत्तर देतो. मोठ्या सागाला एका हंगामात फुलं किती ते मोजायला बसलात तर कंटाळाल. त्यातला टक्काभर म्हटला तरी फळं हजारोंनी. आणि झाड जगतं शंभर वर्षं नि त्याहून जास्त. जंगल आहे तेवढंच राहायचं असेल तर त्या सगळ्या आयुष्यात त्या झाडाचं एक, फक्त एक पोर मोठं झालं तरी हिशेब पुरा होतो. बाकी सगळं माती, मुंग्या, उंदीर, कीड यांच्या खात्यावर.

दुसरं कारण म्हणजे साग आगीला घाबरत नाही. कापला, जळाला तरी बुंध्यातून धुमारे फुटतात. आपल्या भागातला पुष्कळ साग बियांपासून आलेला नाहीच, तोडलेल्या खुंटांतून आलेला आहे. रोपाचंही तसंच. पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात वरचा भाग वाळतो किंवा जळतो, पण खालचं मूळ गाजरासारखं जाड होत जातं. पावसाळ्यात परत फुटतं, परत जळतं. असं वर्षानुवर्षं गुडघ्याच्या खालीच घुटमळतं. ऐनाचं झाड आणि तेंदूही हेच करतात. मध्ये कधी सलग तीन-चार वर्षं आग लागली नाही, वर थोडं आभाळ मोकळं झालं, की ते मूळ एका झपाट्यात डोक्याच्या वर जातं. तुमच्या पडीक जागेत, काटोलरोड ताई, गवतात वाकून बघा. "रोप नाही" म्हणताय ते बहुधा खुरटलेलं, दहा वेळा जळून फुटलेलं तिथंच असेल. ते हाताशी असेल तर नवं लावायचं काम निम्मं झालं समजा.

परागकण

शंकासुर यांच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर. ती उधळपट्टी नाही, निवड आहे. झाडाला फूल स्वस्त पडतं आणि फळ महाग. म्हणून आधी भरपूर फुलं काढायची, कोणत्या फुलाला चांगला पराग मिळाला ते बघायचं आणि बाकीची वेळेत गाळून टाकायची. स्वतःच्या परागाचं फळ धरलंच तर पुष्कळ जातींत ते अर्ध्यात गळतं. पाणी कमी पडलं तर आणखी गळती.

पण एका झाडाला फळं कमी लागतात म्हणजे परागच पोचला नाही की पराग पोचून पोसायला अन्न-पाणी नव्हतं, हे बाहेरून बघून कळत नाही. त्याची चाचणी सोपी आहे. काही फुलांना दुसऱ्या झाडाचा पराग ब्रशनं लावायचा, काहींना हात लावायचा नाही. ब्रशवाल्यांना फळं खूप जास्त धरली तर दोष परागाचा, नाहीतर दोष झाडाच्या ताकदीचा.

सालईवर हा प्रयोग झालेला आहे. तीच सालई, जी आपल्याकडे कोरड्या, मुरमाड टेकड्यांवर पांढुरक्या सालीची उभी असते. नैसर्गिकरीत्या परागीभवन झालेल्या फुलांत दहा टक्क्यांच्या आसपास फळं धरली, आणि दुसऱ्या झाडाचा पराग हातानं लावल्यावर ऐंशीच्या आसपास. म्हणजे झाडात दम होता, पराग मिळत नव्हता. सालई स्वतःचा पराग घेत नाही. टेकडीवर एकेकटी झाडं उरली की काय होतं ते यावरून समजा.

सालईचंच आणखी एक. डिंकासाठी साल सोलली की झाडाचं अन्न चिकात जातं. आफ्रिकेत सालईची एक बहीण आहे, तिच्यापासून तिकडचा ऊद निघतो. इरिट्रियात तुलना केली तेव्हा चीक न काढलेल्या झाडांचं ८० टक्क्यांहून जास्त बी उगवलं, चीक सतत काढलेल्या झाडांचं १६ टक्क्यांच्या आत. झाड लगेच मरत नाही, हिरवंगार दिसतं, फक्त त्याचं बी पोकळ होतं. त्यामुळे झाड हिरवं आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं नुसतं बघून सांगता येत नाही.

राजेहो

म्हणजे शंभर सालई कापून दहा ठेवल्या त त्या दहा बी कामाच्या नाई?

परागकण

जवळपास तसंच. अंतर किती आणि मध्ये माशी उडून जाईल का, यावर आहे. आग्यामाशी लांबचा पल्ला मारते, पोयटीची बारकी माशी फार दूर जात नाही. आपण जंगलातून रस्ता काढतो, मध्ये वावरं येतात, त्यांत फवारणी होते, तेव्हा झाडं दिसायला तेवढीच असली तरी त्यांचा एकमेकांशी व्यवहार तुटतो. जबलपूर रोडला पेंचमधून जाताना हायवेखाली जनावरांसाठी मोठे मार्ग ठेवलेत, चितळ-वाघ त्यातून जातात. त्या चितळाच्या पोटात आवळा-बेहडा असतो हे कुणाच्या डोक्यात आलं असेल-नसेल, पण फायदा झाडांनाही होतो.

शंकासुर

चितळाच्या पोटात? दातांनी फोडत नाही का?

परागकण

आवळ्याची गोटी टणक असते. चितळ गर खातं, नंतर रवंथ करताना गोटी तोंडातून टाकून देतं, बहुधा दुसरीकडे सावलीत बसल्यावर. उत्तराखंडातल्या राजाजी राष्ट्रीय उद्यानात यावर नीट अभ्यास झालाय. तिथं वानरं झाडावर बसून आवळे खाली टाकतात आणि खाली हरणं वेचतात, अशी जोडी दिसली. अस्वलाचं तर काय सांगावं. टेंभरं, मोह, बोरं, बहाव्याच्या शेंगा, काही सोडत नाही. उन्हाळ्यातली त्याची विष्ठा कधी काडीनं उसकटून बघा, बियाच बिया निघतात.

आईच्या पायाशी पडलेल्या बीला जगणं कठीण, कारण आईवर जगणारी कीड आणि बुरशी तिथंच दबा धरून असते. डॅनियल जॅन्झन आणि जोसेफ कॉनेल या दोघांनी १९७०-७१ च्या सुमारास स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली, म्हणून ती दोघांच्या नावानं चालते. प्रत्येक जातीला सारखी लागू पडत नाही, पण मोहाखाली मोहाचं रोप का दिसत नाही याला एक कारण हेही असू शकतं.

अवांतरवीर

थोडं अवांतर. बांबूला फुलोरा आला की उंदीर वाढतात असं आजोबा सांगायचे. झाड नसलं तरी इथं बसतं का? चाळीसेक वर्षं काही नाही आणि मग एकदम सगळीकडे, आणि त्यानंतर बांबू मरतो.

बियाणेवाला

अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. लग्नाच्या पंगतीत जेवणारे ठरावीक आणि वाढप अचानक दहापट झालं तर काय होईल? अन्न उरेल. बी खाणाऱ्यांचं तसंच. एरवी दरवर्षी थोडं थोडं बी पडलं तर उंदीर, डुकरं, कीड सगळं फस्त करतात. चार वर्षं हात आखडता घेऊन पाचव्या वर्षी एकदम ओतलं तर खाणारे कमी पडतात आणि काही बी वाचतं. बालाघाट-मंडल्याकडचा साल असाच दर काही वर्षांनी भरघोस बीज धरतो. सालाचं बी तर इतकं नाजूक की आठवडाभरात मरतं, म्हणून तो ते पावसाच्या तोंडावरच टाकतो. पाऊस दहा दिवस लांबला की सगळ्या वर्षाची मेहनत वाया.

म्हणून एका वर्षाचं बघून "हे झाड फळत नाही" असं ठरवू नये. आंब्याला एक साल आड बहर येतो हे आपण मान्य करतो, मग जंगली झाडाकडून दरवर्षीची अपेक्षा का?

धावड्याचा नमुना वेगळाच. दरवर्षी गोंड्यासारखी फळं भरपूर, आणि आत बहुतांश बी रिकामं. धावड्याची रोपं करायला घेतली की चांगले चांगले माळी हात टेकतात. मूठभर बी पेरून वाफा कोरा राहिलेला मी पाहिलाय, एकदा नाही, पुष्कळदा.

राजेहो

अन् पळस? त्याले कोनी पाणी देत नाई, खत देत नाई. आमच्या धुऱ्यावर तोडतो तेवढा येतो. त्याच्यासाठी बी काही अभ्यास लागते का?

परागकण

लागतो की! पळसाचं फूल फेब्रुवारी-मार्चमध्ये बघा. पाकळ्यांची ती पोपटाच्या चोचीसारखी होडी घट्ट मिटलेली असते. जांभळा शिंजीर चोच घालतो तेव्हा ती दबते आणि केसर त्याच्या अंगाला लागतात. खारही हे काम करते. पोपट आणि वानरं मात्र फुलं ओरबाडून टाकतात, त्यामुळे झाडाखाली केशरी सडा पडलेला बघून खूश होऊ नये, त्यात तोडलेलीही पुष्कळ असतात. पळसालाही फुलांच्या मानानं पापड्या थोड्याच लागतात.

पण पळसपापडी चपटी, हलकी, आत एकच बी, तेही टोकाला. वाऱ्यावर गिरक्या घेत जाते. एप्रिल-मेच्या वावटळीत पडते आणि लगेच मागून पाऊस येतो. ढोरं त्याची पानं फारशी खात नाहीत, आणि हेच त्याचं खरं बळ आहे. वरून तोडलं, जाळलं तरी मुळापासून फुटतो. थोडक्यात, फुलाच्या पायरीवर तो सागासारखाच मार खातो, पण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याला सोप्या जातात.

शेंगेत एकच बी यावरून शिसमची आठवण झाली. शिसमच्या शेंगेत सुरुवातीला चार-पाच बीजांडं असतात, पिकेपर्यंत बहुतेक शेंगांत एकच उरतं. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठातले गणेशय्या आणि उमाशंकर यांनी १९८८ मध्ये दाखवलं की टोकाकडचं, आधी फलित झालेलं बी आपल्या भावंडांना मारतं. त्याच्यातून निघणारा पदार्थ बाकीच्यांची वाढ थांबवतो. एका बीची शेंग हलकी, लांब उडते, म्हणजे त्या बीचा फायदा. आईचा फायदा त्यात असेलच असं नाही. आपल्याकडे रस्त्याकडेला शिसम पुष्कळ आहेत, वाळलेल्या शेंगा उचलून उजेडात धरा. एक फुगीर बी आणि शेजारी मेलेल्या भावंडांचे बारीक काळे ठिपके दिसतील.

शंकासुर

शिसमचं भारीच. माझा तिसरा प्रश्न कुणी घेतला नाही, बरं वाटलं.

देवलापार

मी घेतो. हवामान बदल हा शब्द आमच्याकडे नव्हता तेव्हाही वर्षं चुकायची. फरक इतकाच की आता चुकलेल्या वर्षांची सवय लागली आहे. फूल आणि माशी यांची वेळ जुळली पाहिजे, पिकलेलं बी आणि पाऊस यांची वेळ जुळली पाहिजे. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपून मृग लागला आणि पाऊस आला तर मोहाचं बी उगवतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात एक सर येऊन पुढं वीस दिवस कोरडं गेलं तर उगवलेलंच करपतं, आणि ते जास्त वाईट, कारण न उगवलेलं निदान थांबलं तरी असतं.

पण सगळं आभाळावर ढकलू नका. आमच्याकडची चारोळीची झाडं कमी झाली ती पावसानं नाही. चार, म्हणजे चारोळीचं फळ, पिकायच्या आधीच, दुसरा तोडेल या भीतीनं, फांद्यांसकट तोडतात. कच्च्या चारीचं बी उगवत नाही आणि फांदी गेली की पुढच्या वर्षीचं फळही गेलं. ग्रामसभेनं तारीख ठरवून दिली की त्याआधी कुणी तोडत नाही, तिथं फरक पडतो. झाडाचा वंश चालणं हे असंही माणसांच्या आपसातल्या भरवशावर असतं.

परागकण

हा मुद्दा माझ्या अभ्यासक्रमात कुठंच नाही. वर्गात सांगणार आहे.

काटोलरोड

किती छान माहिती! तेंदू वाचला, सासऱ्यांना "गडी आहे" सांगितल्यावर ते स्वतःच हसत सुटले. काल जागेवर जाऊन गवतात वाकून बघितलं. बियाणेवाला काका, खरंच आहेत! मोठ्या पानांचे, खरखरीत, वीतभर उंचीचे साग. एक हलवून बघितला तर खाली मूळ अंगठ्याएवढं जाड लागलं. ऐनाचेही आहेत असं वाटतं. पण सगळी जागा रायमुनिया (घाणेरी) आणि रानतुळशीनं झाकलेली. मोहाचं मात्र खरंच एकही नाही.

आता सांगा, बी कुठून आणि कसं गोळा करायचं? सगळ्यात मोठ्या, देखण्या एका झाडाखालचं घेतलं तर चालेल ना? आमच्यातली एक म्हणते पेंचला फिरायला गेलो की तिकडून आणू.

बियाणेवाला

पेंचमधून काहीही उचलायचं नाही. राष्ट्रीय उद्यानातून बीसुद्धा आणता येत नाही, गुन्हा होतो. गरजही नाही. तुमच्या दहा-पंधरा किलोमीटरच्या आतलं बी तुमच्या जमिनीला जास्त मानवेल. धुऱ्यावरची, रस्त्याकडची, मालकाला विचारून मिळतील ती झाडं बघा.

एकाच देखण्या झाडाचं बी घेऊ नका. ते झाड एकटं उभं असेल तर त्याचं बरंचसं बी स्वतःच्याच किंवा जवळच्या भावंडाच्या परागाचं असण्याचा धोका असतो. अशी रोपं खुरटी निघतात आणि पुढं ती सगळी एकमेकांची भावंडं, म्हणजे पुढच्या पिढीला परत तीच अडचण. एकमेकांपासून पन्नास-शंभर मीटर अंतर सोडून जितकी जास्त झाडं मिळतील तितक्यांचं थोडं थोडं घ्या आणि मिसळा. ज्या झाडाच्या आसपास त्याच जातीची आणखी झाडं आहेत ते आधी निवडा. बी पाण्यात टाकून तरंगणारं काढून टाका, पण सागाला ही युक्ती चालत नाही, त्याच्या गोट्या सगळ्याच तरंगतात.

लावण्याआधी रायमुनिया मुळासकट काढा, नुसती छाटली तर दुप्पट येते. जे खुरटे साग-ऐन आहेत त्यांच्याभोवती हातभर जागा मोकळी करा. शासनाच्या हिशेबानं वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून, त्याच्या आधी जागेच्या कडेनं जाळरेषा, म्हणजे गवत-पाचोळा साफ केलेला पट्टा, काढून ठेवा. हे एवढं केलंत तर साग-ऐनाचं एकही रोप विकत आणावं लागणार नाही.

काटोलरोड

आणि मोह? त्याचं रोप तर नाहीच तिथं. टोळ कधी घ्यायचे?

देवलापार

मे संपता संपता पिवळट होऊन पडायला लागतात, जून-जुलैपर्यंत चालतं. झाडावरून हिरवे तोडू नका. पडलेले, मऊ झालेले सकाळी वेचा, नाहीतर डुकरं आधी येतात. गर त्याच दिवशी काढा आणि बी सावलीत ठेवा.

बियाणेवाला

आणि प्लास्टिकच्या डब्यात भरून "रविवारी सगळ्या मिळून पेरू" असं ठेवू नका. डब्यात ते कुजतं, उन्हात ते वाळून मरतं. आणलं की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पिशवीत लावा, उंच पिशवी घ्या कारण मूळ सरळ खाली जातं. जागेवरच पेरायचं असेल तर पहिला दमदार पाऊस झाल्यावर, वर काटेरी फांद्या टाकून, नाहीतर चितळं नसली तरी शेजारच्याच्या शेळ्या आहेतच.